चिखलातलं निकेल

इंग्लंडच्या दक्षिणेला, हॅम्पशर परगण्यात न्यू मिल्टन नावाचं गाव आहे. साठच्या दशकात तिथे डेरेक आणि डॉन रिकमन हे दोघे भाऊ मोटोक्रॉसच्या गाड्यांच्या चासी बनवत. दोघेही पट्टीचे स्वार, ब्रिटनच्या संघातून मोटोक्रॉस शर्यती धावलेले. त्यांची सुरुवातीची गाडी म्हणजे बीएसएची चासी, ट्रायम्फचं इंजिन आणि नॉर्टनचे फोर्क अशी जुळवाजुळव होती. पुढे त्यांनी स्वतःची चासी घडवली; तिचं नाव मेटिस. मोठ्या कंपन्या सुटी इंजिनं द्यायला फारशा राजी नसत. म्हणून रिकमन बंधू चासीचा संच विकत आणि इंजिन गिऱ्हाइकाने आपलं आणायचं. आज या गाड्या जपणारे लोक लिलावात पहिल्यांदा बघतात ती चासीवरची झळाळी. ती रंगाची नाही, क्रोमचीही नाही. ते निकेल आहे.

चिखलात लोळणाऱ्या गाडीला झळाळी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. रिकमन मेटिसकडे नीट बघितलं की त्याचं उत्तर मिळतं, आणि माझ्या मते डर्ट बाइकच्या चासीवर कोणता मुलामा चढवावा या सगळ्या वादाचं उत्तरही तिथेच आहे.

चासीच्या नळ्या रेनॉल्ड्स ५३१ या पोलादाच्या. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने हे मँगनीज-मॉलिब्डेनमचं पोलाद १९३५ साली बाजारात आणलं, आणि ते सायकलींच्या जगात जास्त गाजलं. नळीची भिंत पातळ ठेवूनही ताकद मिळते, हा त्याचा गुण. अवगुण असा, की जोडताना फार तापवलं तर सांध्याजवळची ताकद जाते. म्हणून रिकमन सांधे पितळी सळीने जोडत. पोलाद वितळत नाही, सळी वितळून सांध्याभोवती गोलसर बसते. शिवाय याच नळ्यांमधून इंजिनचं तेल खेळवलेलं, म्हणजे वेगळी टाकी नको आणि तेल थंडही होतं.

आता अशा चासीवर काय चढवायचं? रंग स्वस्त आणि सोपा. पण मोटोक्रॉसमध्ये स्वार बहुतेक वेळ उभा असतो, गुडघ्यांनी आणि बुटांनी गाडी आवळून धरतो. बुटाला ओली माती लागलेली, त्या मातीत वाळू. दोन-चार शर्यतींत पायाजवळचा रंग घासून पोलाद उघडं पडतं. धातूचा थर हे घासणं पुष्कळ जास्त सोसतो.

मग क्रोम का नाही? क्रोमची निळसर, आरशासारखी चकाकी सगळ्यांना हवीशी वाटते. पण सजावटीच्या क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, आणि गंजापासून खरं रक्षण त्याच्याखालचं निकेलच करतं. क्रोमच्या हौदात विजेचा मोठा भाग धातू बसवण्यात न जाता पाण्यातून हायड्रोजन सोडण्यात जातो. तो हायड्रोजन पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. पोलाद जितकं कडक, तितका धोका मोठा. आस, स्प्रिंग, बोल्ट यांना तो सर्वांत जास्त. ५३१ च्या नळीला तितका नाही, पण उडी मारून उतरताना ज्या पातळ भिंतीवर सगळा भार येतो, तिथे थोडा धोकाही मी पत्करणार नाही. आम्लात धुतानाही हायड्रोजन शिरतोच. म्हणून कडक पोलादाचे भाग मुलाम्यानंतर लगेच, काही तासांच्या आत, सुमारे २०० अंश सेल्सिअसवर भट्टीत ठेवून तो बाहेर काढावा लागतो. निकेलच्या हौदात याउलट जवळजवळ सगळी वीज निकेल बसवण्यातच खर्ची पडते.

मला मात्र निकेलचा सगळ्यात मोठा गुण वाटतो तो त्याच्या एका उणिवेतून आलेला. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. निकेल तसं करत नाही. निकेलचा थर कुठे तुटला, तर तिथलं लोखंड उलट लवकर गंजतं. चासीला स्टिअरिंगच्या मानेजवळ किंवा इंजिनच्या बैठकीपाशी केसाएवढी भेग पडली, की त्या चकचकीत पृष्ठभागावर तपकिरी रेघ उमटते. शर्यतीनंतर गाडी धुऊन पुसताना ती फडक्याखालीच दिसते. पावडर कोटिंग याच्या नेमकं उलट वागतं. ६० ते १०० मायक्रॉनचा तो प्लास्टिकचा थर लवचीक असतो, त्यामुळे खालचा सांधा उकलायला लागला तरी वरचा थर काही काळ अखंड राहू शकतो. पावडर कोटिंग वाईट नाही. टिकाऊ आहे, स्वस्त आहे, केटीएमच्या नारिंगी चासी त्याच्याच. क्रोमसारखी दिसणारी पावडरही मिळते, पण तिच्यात धातूची खोली येत नाही. उन्हात निकेलच्या शेजारी ठेवली की ती राखाडी दिसते.

निकेलची झाक किंचित पिवळसर आणि सौम्य असते. पण चमक नुसत्या हौदात तयार होत नाही. भांड्याला कल्हई लावण्याआधी ते घासून लख्ख करावं लागतं, तसंच इथेही: खालची नळी जितकी बफ केलेली, तितकाच वरचा थर उजळ. मात्र सांधे बफ करताना पितळ खाल्लं जाणार नाही हे पाहणं कारागिराचं कसब. चमक वाढवणारी रसायनं घातलेला निकेलचा थर जास्त ठिसूळ असतो, म्हणून आरशासारख्या उजळपणाचा हट्ट इथेही धरू नये.

याच निकेलच्या चासीत एक ओळखीचं नावही बसलं. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधली रॉयल एनफिल्ड बंद पडली, तेव्हा उरलेली ७३६ सीसीची इंटरसेप्टर इंजिनं रिकमन यांनी घेतली आणि रस्त्यावरच्या गाड्या बांधल्या. चेन्नईच्या रॉयल एनफिल्डने इंटरसेप्टर हे नाव २०१८ मध्ये पुन्हा वापरात आणलं.

१९९७ च्या होंडा सीआर२५०आरने मोटोक्रॉसमध्ये ॲल्युमिनियमची चासी आणली आणि नव्या गाड्यांत प्रश्नच बदलला. ॲल्युमिनियमला फक्त पॉलिश पुरतं. पण जुनी पोलादी चासी उभी करणाऱ्यांनी निकेलच निवडावं, असं मी ठामपणे सांगेन. प्लेटिंगवाल्याला पोलादाचा प्रकार आधी सांगावा. आतल्या कोपऱ्यांत वीज कमी पोचते आणि थर पातळ बसतो, त्यामुळे सांध्यांची बेचकी विशेष तपासून घ्यावी. किंवा विजेशिवाय रसायनाने चढणारं निकेल घ्यावं, ते सगळीकडे सारखं बसतं. बेअरिंगच्या बैठका आणि आटे झाकून घ्यावेत, नाहीतर थराने माप बदलतं. आणि तेल खेळणाऱ्या नळ्यांची तोंडं घट्ट बुचं मारून बंद करावीत. आत राहिलेलं आम्ल किंवा बफिंगची पूड पहिल्याच फेरीत तेलाबरोबर इंजिनच्या बेअरिंगांपर्यंत जाते.