एका खोलीसाठी बंद झालेली चाळ

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत बोलायला गेलो होतो. विषय होता ‘बातमी कशी तपासावी’. एकच बातमी दोन-तीन ठिकाणी वाचावी, मूळ माहिती कुठून आली ते शोधावे, वगैरे नेहमीचे सांगून झाले. मग दहावीतली एक मुलगी उठली. म्हणाली, “सर, मूळ पान उघडायला गेलं तर ते उघडतच नाही. मग ते कुणी काढून टाकलं, कुणी अडवलं, की आमचं नेटच गेलंय, हे कसं ओळखायचं?”

मला चटकन उत्तर देता आले नाही. खरे म्हणजे तिचा प्रश्न माझ्या भाषणाच्या आधीचा होता. पान दिसले तरच ते तपासता येणार ना!

हा प्रश्न समजून घ्यायला २००६ सालची एक घटना फार उपयोगी पडते. ११ जुलै २००६ रोजी संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांमध्ये सात स्फोट झाले. सुमारे दोनशे माणसे गेली. फोन लागत नव्हते. अशा वेळी ‘मुंबई हेल्प’ नावाचा एक ब्लॉग पुन्हा कामाला आला. (ब्लॉगला मराठीत कुणीतरी ‘अनुदिनी’ असा छान शब्द काढला होता, पण तो फारसा रुळला नाही.) २००५ च्या २६ जुलैच्या पावसात काही स्वयंसेवकांनी तो सुरू केला होता. दूरदेशीचे नातेवाईक तिथे आपल्या माणसांची चौकशी करीत.

दोनच दिवसांनी, १३ जुलैला, केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांना पंधरा-वीस ठिकाणांची यादी धाडली आणि ती बंद करण्यास सांगितले. यादीत काही ब्लॉग होते. प्रत्यक्षात मात्र ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड, जिओसिटीज अशा ठिकाणांवरची यच्चयावत पाने अनेक ग्राहकांना दिसेनाशी झाली. त्यांत ‘मुंबई हेल्प’ही आला, आणि पाककृती, कविता, गणिताची कोडी लिहिणारेही आले.

मी तेव्हा संशोधक विद्यार्थी होतो. प्रयोगशाळेत उघडणारा ब्लॉग वसतिगृहात उघडेना. दोन दिवस आम्ही तारा आणि खोके तपासत बसलो. दोन जागी जोडणी दोन वेगळ्या कंपन्यांची आहे, हे लक्षात यायला तिसरा दिवस उजाडला.

यादी पंधरा-वीस नावांची, मग बंद सगळे का? गिरगावातली एखादी मोठी चाळ डोळ्यांसमोर आणा. खोल्या ऐंशी, पण रस्त्यावरचा घरक्रमांक एकच. समजा, टपालखात्यात एक नियम आहे: पाकिटावर फक्त चाळीचा क्रमांक लिहायचा, आणि भाडेकरूचे नाव आतल्या चिठ्ठीवर. पोस्टमन पाकीट चाळीपर्यंत पोचवतो. तिथे दाराशी बसलेला रखवालदार ते उघडतो, नाव वाचतो आणि चिठ्ठी योग्य खोलीत देतो.

इंटरनेटवर जवळजवळ असेच चालते. आपली मागणी लहान लहान पाकिटांतून जाते. पाकिटावर जिथे जायचे त्या संगणकाचा क्रमांक असतो. जुन्या पद्धतीचा हा क्रमांक ३२ बिटांचा, म्हणजे एकूण क्रमांक ४,२९,४९,६७,२९६. आकडा मोठा वाटतो, पण जगाच्या लोकसंख्येपेक्षा कमीच! तेव्हा प्रत्येक ब्लॉगला स्वतंत्र क्रमांक देणे परवडणारे नाही. म्हणून एका क्रमांकावर हजारो ब्लॉग नांदतात. कोणता ब्लॉग हवा ते नाव पाकिटाच्या आत लिहिलेले असते. १९९७ साली ही सोय मागणीच्या नियमांतच घातली गेली.

आता सेवा देणारी कंपनी म्हणजे वाटेवरचा पोस्टमन. त्याला ‘अमुक भाडेकरूची पत्रे देऊ नकोस’ असे सांगितले, तर प्रत्येक पाकीट फोडून वाचावे लागेल. २००६ मध्ये हे काम महाग आणि वेळखाऊ होते. त्यापेक्षा दोन मार्ग स्वस्त. एक, त्या चाळीच्या क्रमांकाची सगळीच पाकिटे फेकून द्यायची. दुसरा, पत्त्यांच्या वहीतून चाळीचे नाव खोडायचे. ही वही म्हणजे नावावरून क्रमांक सांगणारी यंत्रणा. जिओसिटीजवर तर सदस्याचे नाव मूळ पत्त्यानंतर तिरकी रेघ देऊन येई. वहीत फक्त रेघेआधीचा भाग असतो, त्यामुळे एकाच सदस्याला त्या मार्गाने वगळणे शक्यच नव्हते. कोणताही मार्ग घ्या, एका खोलीसाठी चाळ बंद.

पुढे आठवडाभरात विभागाने कंपन्यांना बजावले, की यादीबाहेरचे सारे खुले करा. पण त्या आठवड्यात एक गंमत झाली. पाकिस्तानात त्याच वर्षी काही महिने आधी ब्लॉगस्पॉट अडवले गेले होते, आणि तिथल्या लोकांनी ‘पीकेब्लॉग्ज’ नावाची पळवाट तयार केली होती. आपण त्या मधल्या ठिकाणाला पत्र पाठवायचे, त्याने चाळीतून उत्तर आणून आपल्याला द्यायचे. पोस्टमनला दिसतो तो फक्त मधल्याचा पत्ता. मुंबईतला ब्लॉग भारतातला वाचक पाकिस्तानी वाचकांसाठी काढलेल्या दारातून वाचू लागला!

आज परिस्थिती पालटली आहे. बहुतेक पाकिटे आता मोहोरबंद, म्हणजे सांकेतिक लिपीत जातात. वाटेवरच्या कंपनीला साधारणपणे ठिकाणाचे नाव दिसते, आतले पान दिसत नाही. त्यामुळे एखाद्या मोठ्या ठिकाणावरचा एकच लेख वाटेत अडवणे कंपनीला जमत नाही. एकतर सारे ठिकाण अडवा, नाहीतर मालकालाच तो लेख भारतात दाखवू नका असे सांगा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमाखाली असे आदेश निघतात. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कायम ठेवले. कारणे लेखी नोंदलेली हवीत, हेही सांगितले. परंतु २००९ च्या नियमांत गुप्ततेचे बंधन आहे, त्यामुळे वाचकाला ती कारणे सहसा कळत नाहीत. मला ही गुप्तता अडवण्यापेक्षाही जास्त खटकते. दार बंद असेल तर निदान त्यावर पाटी हवी.

त्या मुलीला मी नंतर पत्राने कळवले ते असे. काहीच उघडत नसेल तर जोडणी गेली आहे. ‘४०४’ असा आकडा आला तर आपण चाळीपर्यंत पोचलो, पण त्या खोलीत कुणी नाही; अशा वेळी इंटरनेट अर्काइव्ह या संग्रहात जुनी प्रत शोधावी. बाकी सारे उघडते आणि एकच ठिकाण नुसते फिरत राहते, तर दुसऱ्या कंपनीचे सिम असलेल्या मैत्रिणीच्या फोनवर पाहावे. तिथे उघडले, तर अडचण वाटेत आहे. आणि क्वचित ‘४५१’ दिसेल. कायदेशीर कारणाने पान दाखवता येत नाही, असे प्रांजळपणे सांगणारा हा आकडा २०१५ च्या डिसेंबरात मंजूर झाला. पुस्तके जाळणाऱ्या राजवटीवरच्या रे ब्रॅडबरी यांच्या १९५३ च्या कादंबरीच्या नावातून तो घेतला आहे.

वर्गात हे पाकिटांनी करून पाहता येईल. एक मुलगा रखवालदार, चौघे-पाच भाडेकरू, दोघे पोस्टमन, बाकीचे पत्रे लिहिणारे. पत्रावर लिहिणाऱ्याने आपले नाव घालावे, म्हणजे उत्तर परत येईल. एका पोस्टमनच्या कानात सांगा, की अमक्या भाडेकरूचे पत्र पोचता कामा नये, पण पाकीट फोडायला परवानगी नाही. दहा मिनिटांनी थांबा, आणि ज्यांना उत्तर आले नाही त्यांना विचारा, काय झाले असेल. त्यांचे सगळे तर्क फळ्यावर लिहा, आणि मगच पोस्टमनला बोलू द्या.