लाळ्या-खुरकूत : विषाणूची भावकी ओळखा



गळीत हंगाम सुरू झाला की गाडीतळावर निरनिराळ्या तालुक्यांतले बैल एकत्र येतात. एकाच हौदावर पाणी, एकमेकांच्या तोंडचे वाढे. अशा वेळी एका बैलाला लाळ्या-खुरकूत झाला की बघता बघता तळभर पसरतो. बैल बसला की गाडी थांबते, तोडलेला ऊस फडात वाळतो आणि वजन घटते. विषय पशुवैद्यकाचा खरा, पण नुकसान आपले आहे.

"मागे एकदा लस टोचली होती, तरी रोग आला कसा?" असे बरेच सभासद विचारतात. उत्तर विषाणूच्या घराण्यात आहे.

हा विषाणू 'पिकोर्ना' नावाच्या मोठ्या घराण्यातला. याच घराण्याची दुसरी शाखा म्हणजे एन्टेरोव्हायरस, अर्थात आतड्यात वाढणारे विषाणू. पोलिओ त्यातलाच. गाईगुरांचे व डुकरांचे वेगळे एन्टेरोव्हायरस आहेत. गाईगुरांच्या आतड्यात ते बहुधा काही त्रास न देता राहतात. आतड्यातल्या शाखेला पोटातले आम्ल सोसते. लाळ्या-खुरकुताचा विषाणू मात्र आम्लात टिकत नाही. तो श्वासावाटे, लाळेवाटे व फुटलेल्या फोडांतून पसरतो.

दोन्ही शाखांची खोड एकच. त्यांचे बियाणे म्हणजे साडेसात-आठ हजार अक्षरांचा आर.एन.ए.चा धागा. त्याची नक्कल होताना चुका तपासणारे कोणी नसते, त्यामुळे जवळपास प्रत्येक नकलेत एखादी चूक राहते. बहुतेक चुकीच्या नकला वाया जातात, पण एखादी नवे रूप घेऊन टिकते. शिवाय एकाच जनावरात दोन जातींचे विषाणू शिरले तर त्यांच्या धाग्यांची अदलाबदलही होते. उसात आपण संकर मुद्दाम करतो. इथे तो आपोआप होतो.

याचे ठळक उदाहरण इटलीतले. १९६६ साली तिथल्या डुकरांना तोंडात व खुरांत फोड आले. लाळ्या-खुरकूतच वाटला, पण विषाणू निघाला एन्टेरोव्हायरस. माणसातल्या कॉक्सॅकी बी-५ या विषाणूपासून फुटून तो डुकरांत स्थिरावला होता.

लाळ्या-खुरकुताचेही असेच सात प्रकार झाले : ओ, ए, सी, एशिया-१ आणि आफ्रिकेतले तीन सॅट. पैकी 'सी' २००४ नंतर जगात कुठे आढळलेला नाही. आपल्याकडे ओ, ए व एशिया-१ हे तीन आहेत. 'ओ' होऊन बरा झालेला बैल 'ए'ला बळी पडू शकतो. म्हणून आपल्या लसीत तिन्ही प्रकार घातलेले असतात. लसीची ताकद काही महिन्यांत ओसरते, म्हणून ती दर सहा महिन्यांनी घ्यावी लागते. एकदा टोचून भागत नाही ते यामुळेच.

सभासदांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१) वासराला चौथ्या महिन्यात पहिली लस, महिन्याने दुसरी, पुढे दर सहा महिन्यांनी. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून ही लस मोफत दिली जाते.

२) गाडीबैलांना हंगामापूर्वी किमान तीन आठवडे लस द्यावी. तळावर आल्यावर टोचली तर अंगी प्रतिकारशक्ती यायला वेळच उरत नाही.

३) लाळ गळणारा, लंगडणारा बैल लगेच वेगळा बांधावा व दवाखान्यात कळवावे. त्याचे उरलेले वाढे दुसऱ्याला घालू नयेत. बरा झालेला बैलही कित्येक महिने घशात विषाणू बाळगू शकतो.

४) दहा लिटर पाण्यात चारशे ग्रॅम धुण्याचा सोडा घालून गोठा व दावण धुवावी. हा विषाणू सोड्यातही मरतो.

एक खुलासा. लहान मुलांच्या हातापायांवर व तोंडात फोड येतात, तो आजार एन्टेरोव्हायरसमुळे होतो व माणसाकडून माणसाला लागतो. गोठ्यातून तो येत नाही. तेव्हा पोराच्या आजाराचा दोष गाईला देऊ नये, आणि गाईची लसही चुकवू नये.

— ऊस विकास अधिकारी