छोट्या विमानाच्या इंजिनातलं शिसं

अमळनेरपासून धुळे, शिरपूर आणि जळगाव ही तिन्ही ठिकाणं जवळ. तिथल्या वैमानिक प्रशिक्षणामुळे खान्देशात डोक्यावरून घरघरत जाणारं छोटं विमान आता नवलाचं राहिलेलं नाही. मात्र अशा बहुतेक विमानांच्या इंधनात आजही शिसं असतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

या विमानांचं इंजिन मोटारीसारखंच, पिस्टन आणि स्पार्क प्लग असलेलं. भारतात मोटारींच्या पेट्रोलमधून २००० साली शिसं हद्दपार झालं. विमानाच्या पेट्रोलमध्ये, म्हणजे ‘अ‍ॅव्हगॅस’मध्ये, ते राहिलं. लिटरमागे त्याची मर्यादा ०.५६ ग्रॅम आहे. मोठ्या, हवेनं थंड होणाऱ्या सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकलं तर धक्के बसून इंजिन निकामी होऊ शकतं. शिशाचं संयुग ते टाळतं.

धुरातून बाहेर पडणारं शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक आहे. त्याचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कॅलिफोर्नियातल्या रीड-हिलव्ह्यू विमानतळाजवळच्या मुलांच्या रक्तात, दूर राहणाऱ्यांपेक्षा जास्त शिसं आढळलं होतं. धोका मुख्यतः धावपट्टीलगत राहणाऱ्यांना आणि तिथं काम करणाऱ्यांना असतो. वरून अधूनमधून विमान जातं म्हणून गावकऱ्यांनी घाबरायचं कारण नाही.

संशोधन दोन वाटांनी चाललं आहे. पहिली, शिसंविरहित पेट्रोल. अमेरिकेनं २०३० अखेर शिसं हटवायचं ठरवलं आहे. दुसरी, इंजिनच बदलणं. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते, की इंधन ठिणगीविना पेटतं; त्यामुळे शिसं लागतच नाही. ते प्रवासी जेट विमानांच्या इंधनावर चालतं आणि कमी पितं. ऑस्ट्रियातलं ‘एई-३००’ इंजिन तर मर्सिडीज मोटारीच्या डिझेल इंजिनावरून घडवलेलं आहे. अडचण वजनाची. प्रचंड दाब सोसायला ते भक्कम, म्हणून जड करावं लागतं.

विमानाचं इंजिन हलकं करण्याची विद्या महाराष्ट्राला अपरिचित नाही. अहिल्यानगरच्या ‘व्हीआरडीई’ या संरक्षण संशोधन संस्थेच्या सहभागातून बनलेलं ५५ अश्वशक्तीचं व्हँकेल इंजिन २००९ मध्ये ‘निशांत’ या मानवरहित विमानात उडालं.

तोवर प्रशिक्षणार्थींनी एवढं जरूर पाळावं: उड्डाणाआधी तपासायला काढलेलं निळसर इंधन जमिनीवर ओतू नये, आणि जेवणापूर्वी हात साबणानं धुवावेत.