डोंगरीचा देव आणि पोटातले धन

जानेवारीच्या आरंभी, कडाक्याच्या थंडीत, एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या पहाडावर ठाकूरदेवाची यात्रा भरते. परिसरातील माडिया-गोंड बांधव आपल्या कुलपरंपरेनुसार डोंगर चढून दर्शनास येतात. पंढरीची वाट पायी तुडविणाऱ्या वारकऱ्यास त्या चढणीचा अर्थ निराळा सांगावयास नको.

अशीच एक चढण सातासमुद्रांपलीकडे, आयर्लंडच्या मेयो परगण्यात आहे. ७६४ मीटर उंचीच्या क्रोक पॅट्रिक या पर्वतावर संत पॅट्रिक यांनी पाचव्या शतकात ४० दिवस उपोषण केले, अशी तेथील श्रद्धा. जुलैच्या अखेरच्या रविवारी हजारो भाविक तो पर्वत चढतात. कित्येक तर धारदार खडीवरून अनवाणी! या भूमीने पुष्कळ सोसले आहे. इंग्रजी अमलात कॅथलिकांच्या धर्माचरणावर निर्बंध आले, १८४५ पासूनच्या दुष्काळात देशातील सुमारे १० लाख माणसे दगावली. पुढे २१ ऑक्टोबर १८७९ रोजी याच मेयोत कुळांच्या हक्कांसाठी ‘लँड लीग’ स्थापन झाली. (योगायोग असा, की त्याच्या बरोबर २१ वर्षे आधी, त्याच तारखेस, चांद्याच्या तुरुंगात वीर बाबूराव शेडमाके फासावर गेले होते.) १८८० मध्ये येथील कुळांनी कॅप्टन बॉयकॉट या जमीन-कारभाऱ्याशी सर्व व्यवहार तोडले आणि जगाला ‘बॉयकॉट’ हा शब्द मिळाला. लोकमान्यांच्या चतुःसूत्रीतील बहिष्कार तो हाच.

१९८० च्या दशकात या पवित्र पर्वताच्या पोटात सोने आढळले. लोकांनी विरोधाची कास धरली आणि परगण्याच्या लोकनिर्वाचित मंडळाने खाणीस नकार दिला. सोने जागच्या जागी राहिले.

सूरजागडच्या पोटात लोखंड आहे. २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरांचा भाडेपट्टा एका कंपनीस मिळाला. ग्रामसभांनी विरोध केला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी सत्तरांहून अधिक वाहने जाळली, आणि शांतपणे बोलू पाहणाऱ्या गावकऱ्यांचा आवाज त्या धुरात अधिकच दबला, असे आम्हांस वाटते. २०२१ पासून उत्खनन जोमाने सुरू झाले. मेयोत निर्णय परगण्यातल्या परगण्यात झाला. येथे भाडेपट्टा राज्य शासनाचा, मंजुरी दिल्लीची. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेस अधिकार दिले खरे, पण ते कागदावरून पहाडावर पोचणे कठीण.

खाणीने काही घरांत रोजगार आणला, हेही नाकारता येणार नाही. त्याच घरांतील वडीलधारी माणसे ठाकूरदेवाच्या दर्शनास डोंगर चढतात.