गर्दुल्ला

नेरळजवळच्या कळंबच्या बाजूला पावसाळ्यात ‘गर्द झाडी’ म्हटलं की डोळे निवतात. पण नेरळला येऊन लोकल पकडली, की कुणीतरी हमखास बजावतं, “त्या डब्यात नको, गर्दुल्ले बसलेत.” कानाला शब्द एकच वाटतो, अर्थ मात्र वेगळा.

झाडीतला गर्द म्हणजे दाट. दुसरा गर्द म्हणजे पूड. फारसीत ‘गर्द’ म्हणजे धूळ. १९८०च्या दशकात मुंबईत ब्राउन शुगर, म्हणजे भेसळयुक्त हेरॉइन, पसरलं. ही तपकिरी पूड चांदीच्या कागदावर ठेवायची, खालून काडी लावायची आणि धूर नळीने ओढायचा. ओढणारा तो गर्दुल्ला. लेखक अनिल अवचटांनी याच व्यसनावर ‘गर्द’ हे पुस्तक लिहिलं. १९८६मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

आज हा शब्द कुठल्याही अमली पदार्थाच्या व्यसन्याला, कधी नुसत्या मळक्या कपड्यांतल्या माणसालाही चिकटवतात. दारुड्याला मात्र ‘बेवडा’च म्हणतात. दोन्ही शब्द हिणवणारे. व्यसन हा आजार आहे; म्हणून लिहिताना ‘व्यसनाधीन’ किंवा ‘व्यसनी रुग्ण’ म्हणणं बरं.