धुळ्याच्या पिनकोडातली मूळ संख्या

शिरपूरचा पिनकोड 425405. शेवटी 5 आहे, म्हणजे 5 ने भाग जाणारच. ही मूळ संख्या नाही हे बघताक्षणी कळतं. जळगावचा 425001 मात्र भल्याभल्यांना चकवतो. शेवटी 1, ना 2 ने भाग जातो ना 5 ने, तेव्हा ती मूळच असणार असं वाटतं. पण अंकांची बेरीज करा: 6 अंकांची मिळून 12. 3 ने भाग गेलाच; 425001 = 3 × 141667. मोठ्या मूळ संख्येच्या शेवटी 1, 3, 7 किंवा 9 असावाच लागतो, पण तेवढ्याने ती मूळ ठरत नाही.

धुळ्याचा 424001 मात्र खरोखर मूळ संख्या आहे. याची खात्री करायला खालच्या सगळ्या संख्यांनी भागून पाहावं लागतं, हा दुसरा गैरसमज. 424001 चं वर्गमूळ 651 हून किंचित जास्त. संख्येचे दोन अवयव पडत असतील तर त्यातला एक तरी 651 च्या आतच हवा. म्हणून तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागलं की झालं, आणि त्या अवघ्या 118 आहेत. वहीत करून पाहा: 53 ने भागलं तर बाकी 1, 397 ने भागलं तर 5, शेवटच्या 647 ला 216. शून्य कुठेच येत नाही.

मूळ संख्या म्हणजे नुसती भाग न जाणारी, तिच्यात आणखी काय असणार, असंही अनेकांना वाटतं. माझ्या मते सगळ्यांत मोठा गैरसमज हाच. 4 ने भागल्यावर 1 उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तशी जोडी एकच असते. फर्माने हे 1640 मध्ये लिहून ठेवलं, सिद्ध केलं ते शंभरएक वर्षांनी ऑयलरने. धुळ्याची जोडी अशी: 620 चा वर्ग 384400, 199 चा वर्ग 39601, बेरीज 424001. दुसरी जोडी कितीही शोधा, सापडणार नाही. 4 ने भागून 3 उरत असतील, तर एकही जोडी नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये ‘सर्वांत मोठी मूळ संख्या’ सापडली. ती 2 चा 13,62,79,841 वा घात वजा 1 आहे, अंक 4,10,24,320. ती आजवर माहीत असलेल्यांत मोठी, एवढंच. मूळ संख्या अनंत आहेत हे युक्लिडने तेवीसशे वर्षांपूर्वीच दाखवलं. शिवाय घातांक मूळ असला की काम होतं असंही नाही: 2 चा 11 वा घात वजा 1 म्हणजे 2047, आणि तो 23 × 89.

अशा संख्या भागून तपासत नाहीत, त्यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत. संख्या मूळ नाही हे अवयव न शोधताही कळतं. कोणत्याही संख्येला लागू पडणारी, खात्रीचं उत्तर देणारी आणि आकड्यांच्या मानाने लवकर आटपणारी रीत 2002 मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली.

बँकेच्या व्यवहारांना असे विक्रमी आकडे लागतात, हेही खरं नाही. आरएसए या संदेश गुप्त ठेवण्याच्या पद्धतीत सुमारे 300 अंकी दोन मूळ संख्या पुरतात. त्या गुप्त राहाव्या लागतात, आणि विक्रमी संख्या तर साऱ्या जगाला ठाऊक असते.