राजपत्रातली एक ओळ

२६ जुलै २००८. अहमदाबादेत बॉम्ब फुटायला काही मिनिटं बाकी होती, तेवढ्यात वृत्तवाहिन्यांकडे एक ईमेल येऊन पडला. खाली सही होती ‘इंडियन मुजाहिदीन’. पोलिसांनी माग काढला आणि ते येऊन धडकले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे राहत होता एक अमेरिकन गृहस्थ. त्याचा या भानगडीशी काडीचाही संबंध नव्हता. त्याच्या घरचं वायफाय पासवर्डाशिवाय उघडं होतं आणि कुणीतरी त्याचा फायदा घेतला होता, एवढंच.

२३ ऑगस्टला दुसरा ईमेल आला. तो निघाला माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ईमेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेलेला. आमच्या परळ-दादरच्या हिंदमाता चौकातून खालसा कॉलेज ते केवढं लांब? दादर टीटी मागे टाकलं आणि किंग्ज सर्कल आलं की झालं!

आता घटकाभर समजा, तुम्हीच सरकार आहात आणि तुम्हाला या संघटनेवर बंदी घालायची आहे. घालणार कशावर? हिला कार्यालय नाही, पाटी नाही, घटना नाही, पावतीपुस्तक नाही. अध्यक्ष कोण, खजिनदार कोण, काही पत्ता नाही. हातात आहे फक्त ईमेलखालची सही. हवेतल्या अशा गोष्टीला कायद्याने धरायचं तरी कसं?

धरायचं ते नावाने. ४ जून २०१० रोजी केंद्र सरकारने आदेश काढला आणि यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, याच्या पहिल्या अनुसूचीत आणखी एक नोंद वाढली. इंडियन मुजाहिदीन त्या दिवसापासून भारतात अधिकृतपणे दहशतवादी संघटना झाली. असा आदेश छापून येतो तो भारताच्या राजपत्रात. हिंदी आणि इंग्रजी मजकूर, माथ्यावर ठळक अक्षरांत ‘असाधारण’, आणि आत बहुतेकदा दोन-तीन पानांचा रुक्ष ऐवज. विधेयक नाही, संसदेत मतदान नाही, खटला नाही. कायद्याचं कलम ३५ म्हणतं की, संघटना दहशतवादात गुंतली आहे असं केंद्र सरकारला वाटलं की ते तिचं नाव अनुसूचीत घालू शकतं.

आणि दहशतवादी संघटना म्हणजे काय? इथे कायदा इतका साधेपणाने बोलतो की मी ते कलम पुन्हा पुन्हा वाचलं. दहशतवादी संघटना म्हणजे जिचं नाव अनुसूचीत आहे ती, किंवा त्याच नावाने काम करणारी दुसरी कुठलीही. संपली व्याख्या. नाव यादीत आहे का? आहे. मग ती दहशतवादी.

ही यादी आली कुठून? १२ मार्च १९९३ च्या दुपारी मुंबईत जे स्फोट झाले, त्यात दादरचं प्लाझा होतं, वरळीचं सेंच्युरी बाजार होतं. २५७ माणसं गेली. तेव्हा हाताशी टाडा हा दहशतवादविरोधी कायदा होता, चांगला कडक होता, पण त्यात संघटनांची यादीच नव्हती. यादी आली २००१ च्या ऑक्टोबरात, पोटो या वटहुकमाबरोबर. पुढच्या वर्षी त्याचा पोटा कायदा झाला. २००४ मध्ये नव्या सरकारने पोटा रद्द केला. आणि यादी? ती उचलून १९६७ च्या यूएपीएत ठेवली गेली. कायदा गेला, यादी राहिली! गंमत म्हणजे १९६७ मध्ये हा कायदा केला होता तो देश तोडू पाहणाऱ्या संघटनांसाठी. दहशतवादाचं अख्खं प्रकरण त्याला ३७ वर्षांनी जोडलं गेलं.

म्हणून या एकाच कायद्यात बंदीच्या दोन तऱ्हा नांदतात, आणि वर्तमानपत्रं दोन्हींना सरसकट ‘बंदी’ म्हणून मोकळी होतात. पहिली तऱ्हा जुनी, ‘बेकायदेशीर संघटना’. ही बंदी मुदतीची असते. आधी दोन वर्षांची होती, २०१३ पासून पाच वर्षांची झाली. शिवाय सरकारला ३० दिवसांत ती न्यायाधिकरणापुढे न्यावी लागते. न्यायाधिकरण म्हणजे उच्च न्यायालयाचे एक न्यायाधीश. त्यांनी सहा महिन्यांत सांगायचं, बंदीला पुरेसं कारण आहे की नाही. दुसरी तऱ्हा अनुसूचीची, ‘दहशतवादी संघटना’. हिला मुदत नाही आणि न्यायाधिकरणही नाही. नाव काढून घ्यायचं तर आधी सरकारकडेच अर्ज करायचा, त्याने फेटाळला तर पुनर्विलोकन समितीकडे जायचं. सौम्य बंदीला न्यायाधीशांची चाळणी लावायची आणि जबर बंदीला नाही! सदस्यत्वाची शिक्षा बघा: बेकायदेशीर संघटनेसाठी दोन वर्षांपर्यंत, दहशतवादी संघटनेसाठी दहा वर्षांपर्यंत. हा उलटा हिशेब मला अजून पटलेला नाही. पण कायदा तसाच आहे.

ती न्यायाधिकरणाची चाळणी नुसती नावाची आहे, असंही समजू नका. सिमीवर, म्हणजे स्टुडंट्स इस्लामिक मूव्हमेंट ऑफ इंडियावर, २७ सप्टेंबर २००१ ला बंदी आली आणि पुढे दोन-दोन वर्षांसाठी ती पुन्हा पुन्हा घातली गेली. ५ ऑगस्ट २००८ ला न्यायमूर्ती गीता मित्तल यांच्या न्यायाधिकरणाने सांगितलं की सरकारने पुरेसा आधार दिलेला नाही, आणि बंदी उठवली. तारीख पुन्हा बघा. सानपाड्याचा ईमेल येऊन दहा दिवस झालेले, खालसा कॉलेजचा यायला अजून अठरा दिवस. इंडियन मुजाहिदीन सिमीतूनच फुटून निघाली असं तपास यंत्रणा सांगत होत्या, आणि नेमकी तेव्हाच सिमीवरची ही बंदी उठली! किती काळ? एक दिवस. ६ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

अनुसूची वाचायला बसलात तर बब्बर खालसापासून सुरुवात होते. पुढे लष्कर-ए-तय्यबा, जैश-ए-महंमद, उल्फा, मणिपूरच्या संघटना, एलटीटीई अशी नावं येत जातात. वाचता वाचता मध्येच एक अशी नोंद लागते की तिच्यात नावच नाही. तिचा मथितार्थ एवढाच: संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावांनुसार काढलेल्या आदेशात ज्या ज्या संघटना आहेत, त्या सगळ्या. म्हणजे न्यूयॉर्कची अख्खी यादी एका ओळीत आत!

ही न्यूयॉर्कची यादी ज्या समितीची, ती १९९९ च्या १२६७ क्रमांकाच्या ठरावातून जन्मली. सुरक्षा परिषदेचे पंधराही सदस्य तिच्यात आहेत. मतदान होत नाही. प्रस्ताव फिरवतात, दहा कामकाजाचे दिवस थांबतात, आणि कुणी हरकत घेतली नाही तर नाव चढलं. एकाने जरी ‘थांबा’ म्हटलं तर गाडी थांबते. याचा अनुभव आपल्याला दोन्ही बाजूंनी आहे. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर पंधरवडाभरात, १० डिसेंबर २००८ ला, लष्करचे म्होरके हाफीज सईद आणि लखवी यादीत गेले. मसूद अझहरची संघटना जैश २००१ पासून यादीत होती, पण तिचा संस्थापक? भारत २००९ पासून प्रस्ताव देत होता आणि चीन ते रोखून धरत होता. नाव चढलं १ मे २०१९ ला. संघटना दहशतवादी आणि तिचा म्होरक्या साडेसतरा वर्षं मोकळा. समिती तीच, नियम तेच.

नावाने धरायचं तर नावाचीच पळवाटही होते. जोराच्या पावसात हिंदमाताला काय होतं ते परळ-दादरकरांना सांगायला नको. भाग बशीसारखा खोलगट, एक झाकण दाबून धरलं तर पाणी शेजारच्या झाकणातून वर येतं. बंदी घातलेल्या संघटनांचं अगदी तसंच चालतं. अमेरिकेने ऑक्टोबर १९९७ मध्ये परदेशी दहशतवादी संघटनांची पहिली यादी काढली, तीत हरकत-उल-अन्सार होती. ती हरकत-उल-मुजाहिदीन नावाने वर आली. लष्कर-ए-तय्यबा दाबली तर जमात-उद-दावा वर आली. संयुक्त राष्ट्रांनी ते लष्करचंच दुसरं नाव म्हणून नोंदवलं, तर फलाह-ए-इन्सानियत वर आली. २०१९ मध्ये काश्मिरात ‘द रेझिस्टन्स फ्रंट’ उगवली. नाव चक्क इंग्रजी, धर्माचा वासही नाही. भारताने जानेवारी २०२३ मध्ये तिला अनुसूचीत घातलं. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये तिचं नाव लष्करच्याच नोंदीत जोडलं, तोवर पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली होती. त्यांत आपल्या डोंबिवलीचे तिघे होते.

या पाठशिवणीमुळे याद्यांची भाषा मोठी विलक्षण झाली आहे. भारताच्या अनुसूचीत एका नोंदीत तिरक्या रेघा मारून नावांमागून नावं येतात आणि शेवटी बऱ्याच ठिकाणी ‘तिची सर्व रूपं आणि आघाडीच्या संघटना’ अशी शेपटी असते. संयुक्त राष्ट्रांचं तर विचारूच नका. तिथे प्रत्येकाला क्रमांक आहे. माणूस असेल तर त्यात ‘आय’, संघटना असेल तर ‘ई’. लष्करचा क्रमांक क्यूडीई.११८. आणि टोपणनावांची चक्क प्रतवारी केलेली असते: ‘गुड क्वालिटी’ आणि ‘लो क्वालिटी’! ज्यावरून माणूस खात्रीने ओळखता येईल ते पहिल्या दर्जाचं, मोघम असेल ते दुसऱ्या. क्यूडीआय.१३५ काढून बघा. दाऊद इब्राहिम कासकर. जन्म २६ डिसेंबर १९५५. जन्मगाव खेर, रत्नागिरी, महाराष्ट्र. पुढे टोपणनावांची माळ, आईवडिलांची नावं, पासपोर्टांचे क्रमांक आणि कराचीतले पत्ते, ‘सौदी मशिदीजवळ, क्लिफ्टन’ अशा खाणाखुणांसकट. भारतीय कायद्यात मात्र बरीच वर्षं एकट्यादुकट्या माणसासाठी यादीच नव्हती. ती २०१९ च्या दुरुस्तीने आली, चौथी अनुसूची म्हणून. ४ सप्टेंबर २०१९ ला तिच्यात पहिली चार नावं पडली: मसूद अझहर, हाफीज सईद, लखवी आणि दाऊद. ज्या १९९३ च्या स्फोटांत दाऊद आरोपी, त्यांना तोवर २६ वर्षं उलटली होती.

हा सगळा कागद आपल्यापर्यंत पोचतो कुठे? पोलीस ठाण्यात पोचत असेल असं वाटतं, पण त्याच्याही आधी तो पोचतो बँकेत. लग्नसराईच्या आधी हिंदमाताच्या कापड बाजारात कुणी साड्यांचं नवं दुकान टाकतो, करंट खातं उघडायला पॅन आणि आधारच्या झेरॉक्स देतो, दुकानाचा परवाना जोडतो. काउंटरवरची बाई शिक्का मारून ‘दोन दिवसांनी या’ म्हणते. तिकडे संगणक त्याचं नाव या याद्यांशी लावून बघत असतो. यूएपीएच्या कलम ५१अ खाली यादीतल्यांचा पैसा गोठवता येतो, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँकांनी नव्या-जुन्या खात्यांवर ही नजर ठेवायचीच असते. नाव जुळलं तर गृह मंत्रालयाला आणि वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवायचं.

पण नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला का? ‘अब्दुल अझीज’ या नावाचे किती जण या शहरात असतील! दाऊदच्या टोपणनावांत हेही एका नावाचा तुकडा म्हणून येतं. म्हणून तर जन्मतारीख हवी, बापाचं नाव हवं, पासपोर्ट हवा. म्हणून तर ती ‘गुड क्वालिटी’ची उठाठेव. चुकून खातं गोठलं तर सोडवून घेण्याची तरतूद कायद्याच्या अंमलबजावणीत आहे. धावपळ मात्र ज्याची त्यालाच करावी लागते.

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. जगभर या याद्या आहेत, पण दहशतवाद म्हणजे काय यावर जगाचं अजून एकमत नाही. भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत सर्वंकष कराराचा मसुदा मांडला. तो अजून मंजूर झालेला नाही, आणि व्याख्या हे त्यातलं मोठं भांडण आहे. व्याख्या नाही आणि यादी आहे, म्हणून विचित्र गोष्टी घडतात. नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, निवृत्तही झाले, तरी अमेरिकेत शिरायला त्यांना खास सूट लागत होती, कारण त्यांचा पक्ष तिथल्या नोंदींत होता. तो काढायला अमेरिकेला कायदा करावा लागला, १ जुलै २००८ ला. मंडेलांची नव्वदी तेव्हा सतरा दिवसांवर होती.

नाव चढवायला एक आदेश पुरतो. उतरवायला कोण येणार? एलटीटीईचं बघा. राजीव गांधींच्या हत्येनंतर १४ मे १९९२ ला भारताने तिच्यावर बंदी घातली. मे २००९ मध्ये श्रीलंकेत तिचा प्रमुख प्रभाकरन मारला गेला आणि संघटनेची फौज संपली. अनुसूचीत नाव असूनही ही जुन्या तऱ्हेची, मुदतीची बंदी पुढे चालू राहिली आणि प्रत्येक मुदतवाढीला न्यायाधिकरण बसत राहिलं. सरकारचे वकील हजर असतात, समोरची खुर्ची रिकामी. एलटीटीईच्या वतीने तिथे बसायचं तर आधी सांगावं लागणार की मी तिचा माणूस, आणि ते सांगणं हाच गुन्हा. तमिळनाडूचे नेते वायको बंदीविरुद्ध बोलायला तिथे गेले, तेव्हा त्यांना म्हणणं मांडू दिलं, पक्षकार मात्र होऊ दिलं नाही, कारण ते संघटनेचे सदस्य नव्हते. मे २०२४ मध्ये बंदी पुन्हा पाच वर्षांसाठी वाढली.